ताप बॅटरीला, भुर्दंड शेतकऱ्याला

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो, ज्वारीच्या खरेदीवर बोललो. जेवण झाल्यावर मला उभे केले आणि विषय दिला, इन्व्हर्टरची बॅटरी का तापते. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, ते मी पाहिले. हसा. पण आधी हात वर करा. ज्यांच्या घरात इन्व्हर्टर आहे, किंवा चार्जिंगचा फवारणी पंप आहे, किंवा रानडुकरांसाठी झटका मशीन लावले आहे, त्यांनी हात वर करावेत. पाहिले? खाली राहिलेला हात शोधावा लागतो. आता दुसरा प्रश्न. यातल्या किती जणांची बॅटरी तापली, फुगली आणि वेळेआधीच बदलावी लागली? हात फारसे खाली आले नाहीत. म्हणजे विषय चुकलेला नाही.

मी तुमच्यातलाच. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात. दादा अजून कापूस आणि ज्वारी करतो. मी पोटासाठी मुंबईकडे गेलो. अंबरनाथच्या एमआयडीसीत वायरमन म्हणून लागलो, राहायला बदलापूरला गेलो आणि आता उल्हासनगरच्या बाजारात इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्तीचे माझे टेबल आहे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या वाटेवर ही तीन शहरे ओळीने लागतात. उल्हासनगर तुम्हाला नावाने माहीत नसेल, पण अंगावर असेल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा दिली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. आजही तिथले पत्ते कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतात. त्या कॅम्पांतल्या गाळ्यागाळ्यांत जीन्सच्या पँटी शिवल्या जातात. कापूस तुमचा, कापड कुणाचे तरी, पँट उल्हासनगरची आणि नफा मधल्यांचा. ते गणित तुम्ही जाणता.

त्या गाळ्यांत इन्व्हर्टर आले ते २००५ नंतरच्या भारनियमनात. महावितरणने फीडरचे गट पाडले होते. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. तुमच्या गावातही इन्व्हर्टर त्याच सुमाराला आला, फक्त अंधाराचे तास तुमच्या वाट्याला जास्त होते. पुढे २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हा भारनियमन पुन्हा आले. आणि १२ ऑक्टोबर २०२० तुम्हाला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. लगेच चौकशी लागली. इंडियातली वीज एक दिवस गेली की चौकशी लागते. भारतातली वीज रोज जाते, तिला वेळापत्रक म्हणतात.

राजकारण शेवटी. आधी हाताने करायची गोष्ट सांगतो, कारण ती आज घरी जाऊन करता येते.

वहिनीचे कॅलेंडर

दादाच्या घरी १५० अँपियर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी होती. दोन वर्षांत तापून बसली. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, गरमीने गेली, नवी घ्या. घेतली. वर्षभरात तीही तापू लागली. दुकानदार पुन्हा तेच म्हणाला, नवी घ्या. अशी बॅटरी तेरा-पंधरा हजारांच्या घरात जाते. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. म्हणजे एका बॅटरीला पावणेदोन-दोन क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर. संकरित ज्वारीचा ३,६९९ धरला तर चार क्विंटल. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल कापूस निघाला तर आपण बरे साल म्हणतो. त्यातले दोन क्विंटल एका काळ्या डब्यात गेले.

मी अक्षय्य तृतीयेला घरी गेलो होतो. दादा म्हणाला, चाल, तालुक्याला जाऊ, तुझ्या ओळखीने दोनशे रुपये कमी होतील. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाऊजी, आधी हे पाहा." भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी खुणा केल्या होत्या. दूधवाल्याच्या खुणांशेजारी एक एक टिंब. बॅटरीत पाणी घातले की टिंब. आधीच्या साली तीन-चार महिन्यांनी एक टिंब होते. या साली दर पंधरा दिवसांनी. रोगाचे निदान त्या टिंबांतच होते. दुकानदाराने बॅटरीला मीटर लावला नव्हता आणि वहिनींना विचारलेही नव्हते. ती टिंबे काय सांगत होती ते कळण्यासाठी बॅटरीच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहू.

बॅटरी तापते म्हणजे काय होते

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, सहा खणांची पेटी समजा. प्रत्येक खणात शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाचे ॲसिड. एक सेल सुमारे दोन व्होल्टचा. चार्जिंग करताना वीज आत साठते. कणगी भरली की धान्य बाहेर सांडते, तसे बॅटरी भरल्यावरही वीज ढकलत राहिलात तर ती साठत नाही. ती पाण्याला फोडते, त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू निघतात, आणि उरलेली वीज उष्णता होते. पाणी वारंवार संपते याचा पहिला अर्थ हाच, की बॅटरीला भूक नसताना कुणी तरी भरवतो आहे.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ताप हे लक्षण आहे, रोग नाही. माणसाला ताप आला म्हणून आपण माणूस बदलत नाही. ताप कशाने आला ते पाहतो. बॅटरीचा ताप कुठे आहे ती जागा सापडली, की निम्मे निदान झाले.

हात लावण्याआधी

बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत शंभरात चार भाग झाला की ठिणगीने पेटतो. म्हणून बॅटरीजवळ बिडी नाही, काडी नाही, दिवा नाही. बोटातली अंगठी, हातातले कडे काढून ठेवा. ते दोन टर्मिनलांच्या मध्ये सापडले तर क्षणात लाल होते. डोळ्यांवर चष्मा असावा. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरा आणि थेट दवाखाना गाठा.

बॅटरी हात ठेववत नाही इतकी तापली असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, फुगली असेल किंवा सूं सूं आवाज करत असेल, तर काही तपासत बसू नका. दारे-खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, आणि इन्व्हर्टरला येणारी वीज त्या खोलीबाहेरच्या मेन स्विचवरून बंद करा. तापलेल्या बॅटरीची वायर खोलीत जाऊन ओढू नका, ठिणगी तिथेच पडते. थंड होऊ द्या, चार-सहा तास. मग पाहू.

ताप कुठे आहे

साधी बॅटरी असेल तर वीज बंद करून हाताच्या पालथ्या बाजूने डब्याच्या बाहेरच्या भिंतीला स्पर्श करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तीन प्रकार सापडतील.

पहिला प्रकार. डबा थंड, पण टर्मिनलजवळ चटका. ही बॅटरीची चूक नाही, जोडाची आहे. बोल्ट ढिला आहे, पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे, किंवा वायर बारीक आहे. हिशेब पाहा. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर सहाशे वॉटचा भार टाकला तर बॅटरीतून पन्नास-साठ अँपियर वाहतात. जोडात अडथळा एक शतांश ओहम इतका नगण्य असला तरी तिथे तीस-पस्तीस वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंगचे हत्यार तेवढ्याच वॉटचे असते. म्हणजे तुमच्या बोल्टमध्ये ते हत्यार पेटवून ठेवल्यासारखे झाले. उपाय फुकट आहे. इन्व्हर्टर बंद करा, मेनचा प्लग काढा. आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. बुचे घट्ट असल्याची खात्री करून गरम पाण्यात खायचा सोडा घालून बुरशी धुवा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाता कामा नये. पॉलिश पेपरने घासा, पुसा, घट्ट करा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. माझ्या टेबलावर "बॅटरी गेली" म्हणून येणाऱ्या कितीतरी बॅटऱ्या एवढ्यावर बऱ्या होतात.

दुसरा प्रकार. डब्याची एकच जागा गरम, बाकी कोमट. तो खण आजारी आहे. आत प्लेटा वाकून एकमेकींना टेकल्या असतील किंवा तळाला गाळ साठून सेल शॉर्ट झाला असेल. खात्री कशी करायची? हायड्रोमीटर मिळतो, काचेची नळी आणि वर रबरी फुगा. पूर्ण चार्ज बॅटरीत तो १२४० च्या आसपास किंवा वर ग्रॅव्हिटी दाखवतो. पाच सेल १२४० दाखवतात आणि एक ११२० दाखवतो, तर चोर सापडला. तीसपेक्षा जास्त फरक पडला की त्या सेलवर लक्ष ठेवायचे. मीटरनेही कळते. चार्ज करून तीन-चार तास शांत ठेवलेल्या बॅटरीला साडेबारा व्होल्टच्या वर दिसायला हवेत. साडेदहा दिसले तर एक सेल मेला.

आता यातली मेख पाहा. सहातला एक मेला तरी चार्जरला ते कळत नाही. तो चौदा व्होल्ट गाठायचेच म्हणतो. पूर्वी ते ओझे सहा जण वाटून घेत होते, आता पाच जणांवर. सेलमागे सव्वादोन-अडीचच्या आत हवे, ते पावणेतीन-पावणेतीनच्या पुढे जाते. मग उरलेले पाचही उकळू लागतात. एका घरचा एक भाऊ अंथरुणाला खिळला की बाकीच्यांची जी गत होते तीच. अशी बॅटरी चार्जिंगला ठेवणे धोक्याचे. ती काढा. वॉरंटीचे कार्ड जपून ठेवलेले असेल तर मुदतीत बदलून मागा. कार्डावर तारीख आणि शिक्का दुकानातच घालून घ्या. घरी आल्यावर कुणी शिक्का देत नाही.

तिसरा प्रकार. सगळी बॅटरी सारखीच गरम. आधी हे समजून घ्या की रात्रभर वीज नव्हती आणि सकाळी आली, तर पहिले दोन-तीन तास बॅटरी कोमट होणारच. पण आतले ॲसिड पन्नास अंशांच्या पुढे गेले की चार्जिंग थांबवायचे. आणि बॅटरी भरल्यावर, काही तासांनीही, ताप उतरत नसेल तर चार गोष्टी क्रमाने पाहा.

एक, पाणी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर थोड्या पाण्यावर सगळी उष्णता येते. डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचे नको, फिल्टरचे नको, पावसाचेही नको. आपल्याकडच्या खारट पाण्यातले क्षार प्लेटा खातात. ॲसिड तर कधीच घालू नका. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढे पाणी आधी घाला, चार्ज करा, आणि खुणेपर्यंत मग भरा. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येते.

दोन, जागा. उल्हासनगरला एका जीन्सवाल्याने चार बॅटऱ्या चोरीच्या भीतीने पत्र्याच्या कपाटात कुलूपबंद ठेवल्या होत्या. दर उन्हाळ्यात तापायच्या. कपाटाची दारे काढली, दोन बॅटऱ्यांत चार बोटे अंतर ठेवले, तक्रार संपली. बदलापूरची गोष्ट वेगळी. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी सोडवावे लागले. त्या पुरानंतर तळमजल्यावरच्या काही घरांनी इन्व्हर्टर पोटमाळ्यावर चढवला. पुरापासून वाचला, पण पत्र्याखाली भाजू लागला. बॅटरीला २५ अंश मानवतात. त्याच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पंचेचाळीस. मग पत्र्याखाली काय असेल? म्हणून बॅटरी माजघरात, मातीच्या किंवा जाड भिंतीच्या सावलीला, जमिनीपासून थोडी वर, वारा खेळेल अशी ठेवा. देवघराजवळ नको, चुलीजवळ नको, आणि पोरे झोपतात त्या बंद खोलीत तर मुळीच नको.

तीन, जोडी. चोवीस व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या लागतात. एक गेली म्हणून जुनीशेजारी नवी बसवू नका. तरणा बैल आणि थकलेला बैल एका जुवाला जुंपल्यासारखे होते. दोघांचे चालणे बिघडते. चार्जिंग चालू असताना दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. एक तेरावर आणि दुसरी पंधरावर असेल तर पंधरावाली तापणार.

चार, चार्जर. हे सगळ्यात मोठे कारण आणि सगळ्यात कमी तपासले जाणारे. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर मीटर धरा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास ठीक. पंधराच्या वर जाऊन तिथेच बसला तर चार्जर बिघडला, मग बॅटरी कितीही नवी आणा, ती शिजणार. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचे एक छोटे बटण असते. सीलबंद बॅटरी लावली आणि बटण ट्यूब्युलरवर राहिले, तरी ती तापते. आणि चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावा. १५० ची बॅटरी असेल तर पंधरा-वीस अँपियर. मोठ्या इन्व्हर्टरला लहान बॅटरी लावणे म्हणजे वासराला बैलाचा खुराक.

दादाच्या घरी काय निघाले

सगळी बॅटरी सारखी गरम, सहाही सेलची ग्रॅव्हिटी जवळपास सारखी. म्हणजे सेल शॉर्ट नाही, बॅटरी निर्दोष. रात्री दहाला चार्जिंगचे व्होल्ट मोजले, १४.६. ठीक वाटले. पण वहिनी म्हणाल्या, वास पहाटे येतो. म्हणून पहाटे तीनला उठलो. बॅटरीवर १५.९ आणि घरातल्या पिनेवर २६२ व्होल्ट! गाव झोपले, भार उतरला, आणि विजेचा दाब चढला. इन्व्हर्टरमधला चार्जिंग आवरणारा भाग जळालेला होता. लाइनीचा दाब चढेल तसा तो बॅटरीत ओतत होता. सुटा भाग बदलला, व्होल्ट १४.१ वर आले. खर्च काही शे रुपये. ती बॅटरी आजही चालते आहे. कॅलेंडरवरचे टिंब पुन्हा तीन महिन्यांवर गेले. पहिली बॅटरीही बहुधा अशीच शिजून गेली असावी. दोन क्विंटल कापूस एका मीटरवाचून गेला.

सीलबंद बॅटऱ्या: फवारणी पंप आणि झटका मशीन

सीलबंद बॅटरीत पाणी घालायची सोय नसते आणि तिचा ताप अधिक कपटी असतो. ती गरम झाली की जास्त करंट घेते, जास्त करंटने आणखी गरम होते. हे चक्र सुरू झाले की ती फुगेपर्यंत थांबत नाही. अंबरनाथला कारखान्यात असताना मी यूपीएसमधल्या अशा बॅटऱ्या पाहिल्या आहेत. एक फुगली की शेजारची तापते. तिथे बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात आणि दाब शंभर व्होल्टच्या पुढे जातो. तुमच्या गावात सेवा केंद्रात किंवा दूध संकलन केंद्रात मोठा यूपीएस असेल तर त्याला हात लावू नका, कारागीर बोलवा.

फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपियर-अवरची बॅटरी असते. संध्याकाळी चार्जिंगला लावली आणि सकाळी काढली, असे आपण करतो. स्वस्तातले अडॅप्टर बॅटरी भरल्यावर थांबत नाहीत. पाच-सहा तासांत काढा. हंगाम संपल्यावर पंप तसाच टाकू नका. पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा चार्ज करा, नाही तर प्लेटांवर खडा धरतो आणि पुढच्या साली तीच बॅटरी घेत काही नाही, नुसती तापते. आतली बॅटरी लिथियमची असेल तर तिचा अडॅप्टर वेगळा असतो. शेजाऱ्याचा लावू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नका, उघडू नका, ती पेट घेते.

झटका मशीनचे दुखणे निराळे. बॅटरी पत्र्याच्या पेटीत, पेटी धुऱ्यावर, धुऱ्यावर ऊन. त्यात सोलर पॅनल थेट बॅटरीला जोडलेले. १२ व्होल्टचे म्हणून मिळणारे पॅनल भर उन्हात वीस-एकवीस व्होल्टपर्यंत जाते. मध्ये चार्ज कंट्रोलर नसेल तर बॅटरी दिवसभर उकळते. कंट्रोलर बसवा, पेटीला दोन्ही बाजूंनी जाळीची भोके पाडा, वर पऱ्हाट्यांची सावली करा. आणि आणखी एक, हात जोडून सांगतो. मशीन बंद पडले म्हणून तारेत थेट लाइनीची वीज सोडू नका. त्यात डुक्कर मरत नाही तेव्हा आपलाच माणूस मरतो, आणि तो गुन्हाही आहे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला कवडीमोलाने देऊ नका. तिच्यातल्या शिशाला किंमत आहे. नवी घेताना परत द्या आणि बिलात वजावट घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ॲसिड धुऱ्यावर ओतू नका. शिसे मातीत जाते, विहिरीत उतरते.

आता राजकारण

दादाच्या घरी चार्जर बिघडला होता हे खरे. पण घरात २६२ व्होल्ट कुणी पाठवले? २३० व्होल्टचा पुरवठा सहा टक्के खाली-वर चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. संध्याकाळी आपल्याकडे १७० येतात तेव्हा बॅटरी भरत नाही आणि प्लेटांवर खडा धरतो. पहाटे २६० येतात तेव्हा ती उकळते. दोन्हीकडून मरते ती आपली बॅटरी, आपली मोटर, आपला बल्ब. आणि शेतीच्या उत्पादन खर्चाच्या कुठल्या रकान्यात ती धरता? बियाणे धरता, खत धरता, मजुरी धरता. न आलेल्या विजेसाठी घेतलेली बॅटरी कुठेच धरली जात नाही. हा अंधारावरचा कर आहे, आणि तो आपण पावती न मागता भरतो.

वीज कायदा २००३ चा आहे. त्याच्या ५७ व्या कलमात वितरण कंपनीने पुरवठ्याचा दर्जा राखला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी अशी तरतूद आहे. ४२ व्या कलमाने ग्राहकांच्या तक्रारीसाठी मंच आहे. पण तिथे "साहेब, वीज नीट येत नाही" एवढ्याने भागत नाही. नोंद लागते. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावाने वर्गणी काढून एक मीटर घ्यावा, काही शे रुपयांत मिळतो. घरातल्या पिनेला मीटर लावायचे काम ज्याला येते त्यानेच करावे. आणि वहिनींसारखे कॅलेंडर ठेवावे. संध्याकाळी सात, रात्री दहा, पहाटे पाच. तीन आकडे, महिनाभर. दहा गावांची दहा कॅलेंडरे पुढच्या बैठकीत याच टेबलावर ठेवा. मग अर्ज लिहू, आणि तो अर्ज कुणाला केराच्या टोपलीत टाकता येणार नाही.

आपण भीक मागायला निघालेलो नाही. ज्या विजेचे बिल येते ती वीज बिलात लिहिल्यासारखी यावी, एवढेच म्हणतो. तोवर बॅटरी तापली तर दुकानाकडे धावण्याआधी हात लावून पाहा, पाणी पाहा, मीटर धरा, आणि घरातल्या बाईला विचारा. तिला आधीच माहीत असते.

बैठक संपल्यावर मी मंडपाच्या मागे मीटर आणि हायड्रोमीटर घेऊन बसतो. ज्यांनी पंपाच्या बॅटऱ्या सोबत आणल्या आहेत त्यांनी ओळीने यावे. बिड्या बाहेर विझवून या.